माझ्या जाळीवरचा पोचा

मित्रांनो, मला पाहिलं की सगळ्यांची नजर आधी माझ्या पोच्याकडे जाते. बघा, खुशाल बघा. लाज कसली त्यात! मी एक जुना माईक, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतला. उंची वीतभर, रंग करडा आणि डोक्यावर तारेची जाळी. त्या जाळीला डाव्या बाजूनं चांगला अंगठाभर पोचा आला आहे. दुरुस्तीवाला दोनदा म्हणाला, "पाच मिनिटांत सरळ करून देतो." माझ्या माणसानं त्याला हातसुद्धा लावू दिला नाही. का, ते सांगायलाच आज बसलो आहे. मधेच भरकटलो तर सांभाळून घ्या. जुन्या माणसांचं होतं तसं, आणि जुन्या माईकांचंही.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलापाशी बसलेल्या बाईंनी मला जोडलं. माझ्या पोटात एक पडदा आहे, केसाहूनही पातळ. तो बसवताना त्या बाईंना नेमकी शिंक आली. बिचारीनं मान फिरवून, नाक दाबून ती कशीबशी परतवली. नाहीतर मी तेव्हाच संपलो असतो. पडदा बसल्यावर त्यांनी माझ्यावर हलकेच टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ऐक हं नीट." मी आयुष्यात ऐकलेले हे पहिले शब्द.

त्या पडद्याचं एक वैशिष्ट्य सांगतो, पुढे ते लागेल. आवाज आला की तो थरथरतो. तोच आवाज शंभर वेळा आला, तर शंभर वेळा थरथरतो, पहिल्या वेळेइतकाच. सवय होणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

मग एका बहीण-भावानं मला विकत घेतलं. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, खिडकी कायमची बंद, आणि मधोमध एक टेबल. भावाचे कान भारी तिखट. शेजारच्या इमारतीत नळ टपकला तरी हा इथे कासावीस. म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. ताई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिचा आवाज म्हणजे काय सांगू! ती "पाऊस आला" म्हणाली की मला ओलं झाल्यासारखं वाटायचं.

अंध मुलांची एक शाळा होती. त्या शाळेसाठी आम्ही गोष्टी मुद्रित करायचो. ताई माझ्यासमोर बसून वाचायची आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कानसेन कानांवर हेडफोन चढवून बसायचा. आणि खरी पंचाईत तिथेच व्हायची. गोष्टीत जरा काही वाईट झालं की कानसेनचं नाक वाजायला लागायचं. सूं, सूं. तो आवाज थेट माझ्या पडद्यावर. झाला टेक खराब!

एक हरवलेल्या कोकराची गोष्ट होती. कळप पुढे निघून जातो आणि कोकरू मागे राहतं. ताई वाचायची, "कोकरानं मान वर करून पाहिलं. कुरणावर कुणीच नव्हतं." की लगेच, सूं.

"अरे, नाक आवर तुझं!" ताई पुस्तक आपटायची. "पाचव्यांदा वाचतेय मी हे. तुला माहीत आहे ना, पुढच्या पानावर ते सापडतं?"

"माहीत आहे गं," कानसेन बाहीला नाक पुसत म्हणायचा. "पण त्या कोकराला कुठे माहीत आहे?"

ताई हसत सुटायची. मग सहावा टेक. तरीसुद्धा एखाददुसरं सूं गोष्टीत राहूनच जायचं. मी तेव्हा मनातून वैतागायचो. चांगल्या घरचा माईक मी, आणि माझ्या पडद्यावर हे नाक ओढणं! आज मात्र वाटतं, त्या एका सूंसाठी माझी सगळी स्वच्छ ध्वनिमुद्रणं ओवाळून टाकावीत.

सहा वर्षं अशी सुखात गेली. मग गोष्टींची कामं हळूहळू आटली. एक दिवस एका कंपनीचे साहेब आले. माणूस गोड बोलणारा, येताना चॉकलेटचा डबा आणणारा. त्यांची कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. मारामारीचे. त्यांना आवाज हवे होते. हाडं मोडल्याचे, सुरा खुपसल्याचे, माणसं कोसळल्याचे. आणि किंकाळ्या, पुष्कळ किंकाळ्या.

तुम्हाला गंमत वाटेल, पण सुरा खुपसल्याचा आवाज कोबीतून निघतो. हाड मोडल्याचा आवाज म्हणजे वाळक्या काटक्यांची जुडी. ओला टॉवेल फरशीवर आपटला की ठोसा. वाळूचं पोतं उंचावरून टाकलं की माणूस पडला. हे सगळं ताई करायची, आणि किंकाळ्याही तीच मारायची. काम झालं की पदर खोचून फरशी पुसायची आणि म्हणायची, "आज चार कोबी ठार झाले. घरात आता मला कुणी कोबीचं नाव काढू देत नाही!"

पण पहिला दिवस मला आठवतो. ताईनं पहिली किंकाळी मारली आणि कानसेननं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. चेहरा पांढराफटक. दुपारचा डबा त्यानं तसाच परत नेला. "ताई, हे मला ऐकवत नाही गं," तो म्हणाला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होईल सवय."

आणि खरंच झाली की हो!

नव्या कामासाठी खोलीचे दोन भाग केले. मध्ये जाड काच बसली. अलीकडे मी आणि ताई, पलीकडे कानसेन आणि त्याची यंत्रं. पलीकडून तो बोलला की आमच्याकडच्या छोट्या स्पीकरमधून ऐकू यायचं. आवाज खेळात बरोबर बसतात की नाही, हे पाहायला त्याला तो खेळ रोज खेळावा लागे. आधी तासभर, मग अर्धा दिवस. सुरुवातीला कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणी मेलं की तो मान वळवायचा. मग डोळे नुसते बारीक करायचा. मग तेही थांबलं. वर्षभरानं तो एका हातानं बिस्किट चहात बुडवत दुसऱ्या हातानं माणसं मारत होता, आणि बिस्किट चहात पडलं की मात्र "अरेरे!" म्हणत होता.

किंकाळ्यांना आता नंबर मिळाले. "चौदा बरी आहे. पंधरा कच्ची. सोळा पुन्हा घेऊ." साहेब फोनवर सांगायचे, "दुखणं जरा कमी पडतंय." कानसेन स्पीकरमधून ताईला सांगायचा, "ताई, दुखणं वाढव." माझा पडदा मात्र प्रत्येक वेळी थरथरायचा, पहिल्यासारखाच. मी त्या काचेकडे बघत बसायचो. वाटायचं, आता वाजेल याचं नाक. आता वाजेल. स्पीकर बंद असला की काचेपलीकडचं मला ऐकू येत नाही, हे कळत होतं. तरी वाट बघायचो.

एकदा त्याची धाकटी मुलगी, सगळे तिला चिमणी म्हणतात, खोलीत आली होती. दारात तिचं बोट चेमटलं. पोरगी किंचाळली. कानसेन तेव्हा माझी वायर बदलत माझ्याशेजारीच उभा होता. त्यानं मान जराशी तिरकी केली, आणि म्हणाला, "सुरुवात छान होती." लगेच भानावर आला, पोरीला उचललं, बोटावर फुंकर घातली. तो दुष्ट झाला नव्हता हो. पण ताईनं ते ऐकलं होतं.

"तुला आता काही होतं का रे आतून?" चिमणी गेल्यावर तिनं विचारलं.

"रोज रडत बसलो तर काम कोण करणार, ताई? डॉक्टर काय प्रत्येक पेशंटसाठी रडतो?"

"रडत नाही," ताई म्हणाली. "पण उठून बघतो तरी."

कानसेन हसला आणि काचेपलीकडे निघून गेला.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही जड जातं. तो दिवस वाळूच्या पोत्याचा होता. पोतं उंचावरून पडायला हवं होतं, म्हणून ताई स्टुलावर चढली. पलीकडे कानसेन खेळ चालू ठेवून बसला होता, नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर. तिनं पोतं सोडलं आणि त्याच वेळी स्टुलाचा पाय सरकला. धप्प. पोत्यापाठोपाठ ताई. मनगट अंगाखाली आलं. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि तो काटक्यांच्या जुडीसारखा मुळीच नव्हता. मग ताई किंचाळली.

स्पीकर खरखरला. कानसेनचा आवाज आला, खुशीतला.

"वा ताई! झकास! पोत्याच्या आवाजावर बरोब्बर बसली. आता असंच अजून एकदा, शेवट जरा लांबव."

ताई फरशीवर पडून होती. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. श्वास लागला होता. ती हळूच म्हणाली, "अरे, हात मोडला रे माझा."

"बोलणं नको गं मध्ये," स्पीकर म्हणाला. "नुसती किंकाळी दे."

त्यानंतर ताई काहीच बोलली नाही. खोलीत फक्त फाटक्या पोत्यातून वाळू सांडत होती, तेवढं ऐकू येत होतं. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण माईकला आवाज आत घेता येतो, हाक मारता येत नाही. मी ताईचा शब्द न् शब्द त्याच्या कानात पोचवला होता. माझं काम मी चोख केलं होतं. पुढे पोचवणं माझ्या हातात नव्हतं.

आवाज येईना, तेव्हा कानसेननं वैतागून मान वर केली. त्याला काचेतून उताणं पडलेलं स्टूल दिसलं.

मग धावपळ झाली, दवाखाना झाला, प्लास्टर झालं. मी तिथे नव्हतो. पण दवाखान्यातून परत येऊन तो रिकाम्या खोलीत माझ्यासमोर बसला आणि ताई काय म्हणाली ते त्यानं मला सांगितलं. दुसरं कोण होतं त्याला सांगायला? ताई म्हणाली होती, "हात जुळेल रे. पण मी माझ्या तोंडानं सांगितलं, तरी तुला खरं वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं मधलं दार उघडंच टाकून ती किंकाळी लावली. एकदा, दोनदा, वीस वेळा. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून ऐकत होता. काहीतरी व्हावं म्हणून वाट बघत होता. शेवटी हेडफोन काढले आणि म्हणाला, "आवाज स्वच्छ आलाय." एवढंच सुचलं त्याला. मग तोंड ओंजळीत लपवून बसला. पण डोळे कोरडेच. रडू येत नाही म्हणून माणूस किती तळमळतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. रोजची मुद्रणं संध्याकाळी आपोआप कंपनीकडे जात, तशी तीही गेली होती. "अहो, ती एकोणतीस नंबरची किंकाळी! इथे सगळे उभे राहिले ऐकून. रात्रीच लावलीसुद्धा खेळात."

"ती काढून टाका, साहेब."

"का हो?"

"माझ्या बहिणीची आहे."

"सगळ्या तुमच्या बहिणीच्याच तर आहेत!" साहेब हसले.

"ही खरी आहे."

साहेबांचं हसणं थांबलं. मग साहेब म्हणाले, "म्हणूनच तर चांगली आहे." आणि म्हणाले की खेळ सकाळीच बाहेर पडला, आता घराघरांत पोचला, आता काढायची कुठून कुठून?

कानसेननं त्यांची सगळी यंत्रं त्याच आठवड्यात परत पाठवली. काच मात्र तशीच राहिली. मलाही एका कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. सात महिने मी अंधारात होतो. धूळ कापडातून आत येते, आठवणी तर कशातूनही येतात. मला ताईची बडबड आठवायची, कोबी आठवायचे, आणि सूं आठवायचं. सर्वांत जास्त तेच.

एक दिवस कापड निघालं. समोर त्या अंध मुलांच्या शाळेतल्या बाई बसल्या होत्या, ताई होती आणि कानसेन. ताईचं मनगट जुळलं होतं, पण जरा वाकडं. शाळेतली जुनी मुद्रणं खराब झाली होती, बाईंना त्या गोष्टी पुन्हा हव्या होत्या. "आणि मुलांनी एक निरोप दिलाय," बाई म्हणाल्या. "कोकराच्या गोष्टीत मधेच एक काका नाक ओढतात. ते काका याही वेळी हवेत म्हणे. आमच्याकडे त्यांना नाकवाले काका म्हणतात."

ताई खळखळून हसली. कानसेनला हसता येईना. बाई गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, मला परत ऐकू येईल का गं?"

ताईनं वाकड्या हातानं त्याच्या डोक्यावर टप्पल मारली. "बस जागेवर. वाचून तर बघू."

ती वाचू लागली. तो काचेपलीकडे. कोकरू मागे राहिलं. "कोकरानं मान वर करून पाहिलं. कुरणावर कुणीच नव्हतं." ताई थांबली. मीही थांबलो. दोघांनी काचेकडे पाहिलं. कानसेन सरळ बसला होता, डोळे मिटून, सगळं अंग कानात आणून. काही नाही. स्पीकर खरखरला. "टेक स्वच्छ आला, ताई." हे सांगताना त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

तीन दिवस असेच. एकही टेक बिघडला नाही. मित्रांनो, माईकला यापेक्षा चांगलं काय हवं? पण मला ते स्वच्छ टेक नकोसे झाले होते.

चौथ्या दिवशी ताई तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सलग वाचत होती. कोकरू सापडायचं पान जवळ आलं होतं. पान उलटताना तिचं वाकडं मनगट जरा मुरगळलं. ती ओरडली नाही. वाचन थांबू नये म्हणून तिनं ओठ दाबले. तरी एवढासा आवाज निसटलाच. "स्स्." माझ्याखेरीज तो खोलीत कुणालाही ऐकू आला नसता. माझा पडदा थरथरला. जितका एकोणतिसाव्या किंकाळीला थरथरला असेल, त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतका.

आणि काचेपलीकडे खुर्ची पडली!

कानसेन उठला होता. हेडफोन कानांवर तसेच, त्यांची वायर मागे फरफटत. दार उघडून तो आत धावला. "ताई! हात? दुखला ना हात?" म्हणता म्हणता त्याचा पाय माझ्या वायरीत अडकला. तो पडला, माझा स्टँड पडला, आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून थेट फरशीवर. माझी जाळी चेपली ती तेव्हा. मला काही लागलं का म्हणून कुणी विचारलं नाही, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही. तो गुडघ्यांवर बसून ताईचं मनगट दोन्ही हातांत धरून बघत होता.

"अरे, काही नाही रे, जरासं मुरगळलं," ताई म्हणत होती. तिचे डोळे भरले होते. "वेड्या, टेक घालवलास ना!"

"जाऊ दे टेक," कानसेन म्हणाला. "दाखव आधी."

ते ध्वनिमुद्रण ताईनं पुसू दिलं नाही. पुढची पानं वाचून त्याला जोडली आणि सगळं तसंच शाळेत पाठवलं, धडामधूम आवाजासकट. आठवड्यानं बाई सांगायला आल्या. मुलं गोष्ट ऐकत होती. तो आवाज आला तशी आधी सगळी दचकली, मग खो खो हसली. आणि हसू थांबायच्या आत पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, कुणाला लागलं तर नाही ना?"

ते ऐकून कानसेन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. मी कान टवकारून होतो. सूं आलं नाही. अजूनही आलेलं नाही. येईल कधीतरी. एकदा उठलाय ना तो, मग तेही येईल. मी वाट बघतो आहे. मला दुसरं काम तरी काय?

मित्रांनो, खेळ खेळू नका असं सांगायला मी काही तुमचा मास्तर नाही. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या छातीत जो पडदा आहे, तो माझ्यासारखा तारेच्या जाळीत सुरक्षित नाही. त्याला सवय लागते. त्याला जपा. घरात कुणी "स्स्" म्हणालं, तर हातातलं ठेवून उठून बघा.

आणि एक. ती एकोणतिसावी किंकाळी अजून कुठल्या कुठल्या घरांत वाजते आहे. कदाचित तुम्हीही ऐकली असेल, आणि चॉकलेट खात पुढे गेला असाल. तुम्हाला तरी काय माहीत! आता माहीत झालं. एखाद्या खेळात वाळूचं पोतं पडल्यासारखा धप्प आवाज आला आणि पाठोपाठ एक बाई किंचाळली, तर ती आमची ताई आहे. तिचा हात मोडला आहे, आणि कुणी तिला अजून विचारलेलं नाही. तुम्ही विचारा. मोठ्यानं नको, मनातल्या मनात चालेल. "ताई, फार लागलं का गं?"